ट्रॉली म्हणजे ट्रॅक्टरचे शेपूट नव्हे! कांदा घेऊन नामपूरला निघण्याआधी हे वाचा

उन्हाळ कांदा बाजारात यायला लागला, की नामपूरच्या रस्त्यांवर पहाटेपासून ट्रॅक्टरांची वर्दळ सुरू होते. सटाणा, ताहाराबाद आणि मालेगावच्या बाजूने, तसेच साक्री तालुक्याच्या हद्दीकडून भरलेल्या ट्रॉल्या बाजार समितीकडे निघतात. लिलावात लवकर नंबर लागावा म्हणून अनेक जण अंधारातच घर सोडतात. लिलाव, काटा, माल खाली करणे आणि पट्टी घेणे यात दिवस जातो आणि परतताना पुन्हा अंधार होतो.

म्हणजे ट्रॉलीचा मोठा प्रवास अंधारातच होतो, आणि ट्रॉलीकडे आपले सर्वांत कमी लक्ष असते. ट्रॅक्टरची सर्व्हिसिंग वेळेवर होते, त्याचा हप्ता आणि विमाही भरला जातो. ट्रॉली मात्र गावातल्या किंवा तालुक्याच्या वर्कशॉपमधून बनवून आणली, की तिच्याकडे फक्त पंक्चर झाल्यावर पाहिले जाते. तिच्या पाठीमागे झोकदार अक्षरांत एखादे वाक्य रंगवलेले असते, पण नंबर आणि लाल दिवा नसतो.

रस्त्यावर आणि अपघातानंतर न्यायालयातही ट्रॉलीला वेगळे वाहन मानतात. हे एकदा लक्षात घेतले, की बाकीचे नियम समजायला सोपे जातात.

कायद्याच्या नजरेत ट्रॉली काय आहे?

मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये ‘मोटार वाहन’ या शब्दाच्या व्याख्येतच ट्रेलरचा समावेश आहे. ट्रॉलीला इंजिन नसले तरी ती मोटार वाहनच आहे. म्हणून तिची वेगळी नोंदणी, म्हणजे बोलीभाषेत ‘पासिंग’, करावी लागते. नोंदणी झाली की तिला स्वतःचा नंबर आणि स्वतःचे आरसी बुक मिळते. आपल्या भागात हे काम मालेगावच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयातून, म्हणजे ‘एमएच ४१’ मधून होते.

नंबरबाबत अनेकांचा गोंधळ होतो. कायद्याच्या कलम ६१ नुसार ट्रॉलीचा स्वतःचा नंबर तिच्या बाजूच्या फळीवर लिहायचा असतो. पाठीमागे मात्र ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा नंबर लागतो. कारण मागून येणाऱ्याला ट्रॅक्टर दिसत नाही, त्याला ट्रॉलीच दिसते. दोन ट्रॉल्या जोडल्या असतील, तर ट्रॅक्टरचा नंबर शेवटच्या ट्रॉलीवर हवा.

नोंदणी नसलेले वाहन रस्त्यावर आणल्यास पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण दंड ही छोटी बाब झाली. ट्रॉलीला कागदच नसेल, तर अपघातानंतर विमा कंपनीसमोर आपली बाजू मांडणे फार अवघड होते.

वजनाचा हिशेब काट्याच्या चिठ्ठीतच आहे

‘आपल्या ट्रॉलीत किती माल बसतो?’ असे विचारले, की उत्तर क्विंटलमध्ये मिळते. ‘ती किती माल थांबवू शकते?’ हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही.

बाजार समितीत भरलेल्या वाहनाचे आणि रिकाम्या वाहनाचे वजन होते. ती चिठ्ठी आपण पैशांच्या हिशेबासाठी जपून ठेवतो. त्याच चिठ्ठीवरून रस्त्याचाही हिशेब कळतो. ट्रॉलीच्या आरसीवर रिकामे आणि भरलेले असे दोन्ही वजन लिहिलेले असते. काट्यावरचा माल आणि ट्रॉलीचे रिकामे वजन यांची बेरीज करा. ती बेरीज आरसीवरच्या भरलेल्या वजनापेक्षा जास्त आली, तर तुम्ही ओव्हरलोड आहात.

ओव्हरलोडसाठी २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात २०,००० रुपये दंड आहे. शिवाय प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये आणि जादा माल उतरवण्याचा खर्चही भरावा लागतो. माल फळीच्या बाहेर आल्यास त्यासाठीही वेगळी कारवाई होऊ शकते.

पुढचा दोन टन, मागचा चार टन

समजा ट्रॉलीत ३० क्विंटल कांदा आहे. म्हणजे तीन टन. ट्रॉलीचे स्वतःचे वजन एक टन धरू. मागे झाले चार टन. पुढचा ट्रॅक्टर साधारण दोन टनांचा. म्हणजे ओढणाऱ्यापेक्षा ओढली जाणारी वस्तू दुप्पट जड आहे, आणि बहुतेक ठिकाणी ब्रेक फक्त पुढच्या दोन टनांना असतो.

ढोबळ हिशेब करून पाहू. ताशी ३० किलोमीटर वेगाने चाललेला रिकामा ट्रॅक्टर ब्रेक दाबल्यावर साधारण ९ मीटरमध्ये थांबतो असे धरा. मागे चार टनांची बिनब्रेकची ट्रॉली असेल, तर त्याच ब्रेकला तिप्पट वजन थांबवायचे असते. अंतरही तिप्पट होते, म्हणजे जवळपास २७ मीटर. ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद जातो आणि त्यात आणखी ८ मीटर निघून जातात. समोर मोटारसायकल आडवी आली, तर एकूण सुमारे ३५ मीटर लागतात. एसटी बसची लांबी बारा मीटरच्या आसपास असते. म्हणजे तीन बस एकामागे एक उभ्या राहतील तेवढे हे अंतर आहे.

वेग दुप्पट केला, तर ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट होते. ‘रस्ता मोकळा आहे’ म्हणून टॉप गिअर टाकताना हे लक्षात ठेवा.

कारमागे ओढायच्या ट्रेलरसाठी ब्रिटन आणि युरोपातला नियम पाहा. तिथे ट्रेलर मालासह ७५० किलोपेक्षा जड होणार असेल, तर त्याला स्वतःचे ब्रेक लागतात. शेतीच्या ट्रॉलीचे नियम प्रत्येक देशात वेगळे आहेत. पण मागचे वजन वाढले की मागेही ब्रेक हवा, हे तत्त्व सगळीकडे सारखेच आहे. नवी ट्रॉली बनवून घेताना हायड्रॉलिक किंवा एअर ब्रेकची चौकशी जरूर करा. रंगकामावर होणाऱ्या खर्चापेक्षा हा खर्च जास्त उपयोगाचा आहे.

दोन पेडल, एक पट्टी

ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाचे ब्रेक पेडल वेगवेगळे असते. शेतात वळताना त्याचा उपयोग होतो. रस्त्यावर मात्र तेच जीवघेणे ठरते. घाईत एकाच पेडलवर पाय पडला, तर ट्रॅक्टर एका बाजूला खेचला जातो आणि मागची ट्रॉली त्याला ढकलून आडवा करते. दोन्ही पेडल जोडणारी छोटी पट्टी कंपनीने दिलेलीच असते. शेतातून डांबरी रस्त्यावर येताच ती लावा.

उतारावर डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करण्याची सवयही अशीच घातक आहे. सेलबारीसारख्या घाटात उतरताना न्यूट्रल केले, तर इंजिनची पकड जाते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापले की धरत नाहीत. ज्या गिअरमध्ये चढ चढाल त्याच गिअरमध्ये उतार उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम आजही खरा आहे. गिअर उतार सुरू होण्याआधीच बदला. मधेच बदलायला गेलात आणि गिअर पडला नाही, तर चार टन मागून धक्का देत राहतात.

माल भरताना कुठे चुकते?

एका धुऱ्याच्या, म्हणजे दोन चाकी ट्रॉलीत माल कुठे आहे याला फार महत्त्व असते. सगळा कांदा मागच्या बाजूला भरला, तर ट्रॉलीची दांडी वर उचलली जाते. त्यामुळे ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड कमी होते आणि वेगात ट्रॉली डावीउजवीकडे हेलकावे खाऊ लागते. सगळा माल पुढे भरला, तर दांडीवर जास्त भार येतो आणि ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात. मग स्टिअरिंग फिरवले तरी ट्रॅक्टर वळत नाही. चढावर तर तो पुढून उठतो.

म्हणून माल धुऱ्याच्या दोन्ही बाजूंना पसरा आणि थोडा कल पुढे ठेवा. चार चाकी ट्रॉलीतही माल डावीउजवीकडे सारखा हवा. ढीग जितका उंच, तितकी वळणावर ट्रॉली उलटण्याची शक्यता जास्त. चारा, कडबा किंवा मका भरताना हे विशेष पाहा.

ट्रॉली ट्रॅक्टरला कुठे जोडली आहे, हेही तपासा. जोड कंपनीने दिलेल्या खालच्या हुकालाच हवी. चढावर जास्त जोर मिळेल या समजुतीने काही जण ती वरच्या बाजूला जोडतात. ओढण्याचा बिंदू वर गेला, की ट्रॅक्टर मागे उलटण्याचा धोका वाढतो.

एका पिनवर सगळा भरवसा

ट्रॅक्टर आणि ट्रॉलीमध्ये एक पिन असते. ती झिजली, तिची खालची कडी निघाली किंवा पिनऐवजी सळईचा तुकडा घातला, तर मोठ्या खड्ड्यात ट्रॉली सुटू शकते. सुटलेल्या ट्रॉलीला ना चालक असतो ना ब्रेक.

उपाय साधा आहे. पिनला खालून लॉक लावा आणि सोबत एक मजबूत साखळी जोडा. साखळी ट्रॅक्टरच्या सांगाड्याला बांधा. ती वळताना ताणणार नाही इतकी सैल ठेवा, पण रस्त्यावर घासेल इतकी लांब नको. पिन निघालीच, तर दांडी जमिनीत रुतण्याआधी साखळी ट्रॉलीला धरून ठेवते.

अंधारात मागच्याला किती वेळ मिळतो?

नामपूर-मालेगाव रस्त्यावरून ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारा मोटारसायकलस्वार एका सेकंदात जवळपास १७ मीटर पुढे जातो. समोरच्या गाडीमुळे त्याने दिवा डिपर केला असेल, तर त्याला जेमतेम ३०-४० मीटरपर्यंतचे दिसते. पुढे बिनदिव्याची, मातीने माखलेली ट्रॉली असेल, तर ती दिसल्यापासून धडकेपर्यंत त्याच्याकडे दोन सेकंद असतात. त्या वेगात मोटारसायकल थांबायलाच साधारण ४० मीटर लागतात. म्हणजे ट्रॉली दिसली तेव्हाच वेळ संपलेली असते.

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार वाहनाचा मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे आणि मागचा नंबर १५ मीटरवरून वाचता आला पाहिजे. १५५ मीटरवरून दिवा दिसला, तर त्याच मोटारसायकलस्वाराला दोनऐवजी नऊ सेकंद मिळतात. एवढा वेळ त्याला पुरतो.

ट्रॉलीला दिव्यांची वायर आणि ट्रॅक्टरला तिचा सॉकेट बसवून घ्या. मागे लाल रिफ्लेक्टर आणि लाल चमकपट्टी लावा. बाजूच्या फळीवर पिवळी पट्टी हवी, कारण चौफुलीवर ट्रॉली आडवी असते तेव्हा मागचे रिफ्लेक्टर कोणालाच दिसत नाहीत. पट्टी लावल्यावर ती पुसत राहणेही तितकेच गरजेचे आहे. चिखलाने झाकलेला रिफ्लेक्टर नसल्यातच जमा. माल झाकलेली ताडपत्री मागे लोंबून दिवा झाकत नाही ना, हेही पाहा.

आणि ट्रॅक्टरवरचा स्पीकर? मोठ्या आवाजात गाणी लागली, की मागच्याचा हॉर्न ऐकू येत नाही. रस्त्यावर आवाज कमी ठेवा.

ट्रॉलीत माणसे बसवता येतात का?

नाही. ट्रॉली मालासाठी आहे. पण कांदा लागवड आणि काढणीच्या दिवसांत मजुरांना शेतावर नेण्यासाठी तीच वापरली जाते, लग्नकार्याला आणि जत्रेलाही तीच जुंपली जाते.

४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड तालुक्यातील आलेगाव शिवारात शेतकामासाठी महिलांना घेऊन निघालेला ट्रॅक्टर ट्रॉलीसह पाण्याने भरलेल्या विहिरीत कोसळला. हिंगोली जिल्ह्यातील गुंज गावच्या सात महिलांचा त्यात मृत्यू झाला. १ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तर प्रदेशात कानपूरजवळ भाविकांची ट्रॉली तळ्यात उलटून २५ हून अधिक जण दगावले. त्यानंतर तिथल्या मुख्यमंत्र्यांनी प्रवासासाठी ट्रॉली वापरू नका, असे आवाहन केले होते.

अशा अपघातांत जीव इतके का जातात? ट्रॉलीत सीट, पट्टा किंवा छत यापैकी काहीच नसते. ती उलटली की माणसे बाहेर फेकली जातात किंवा खाली दबतात. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसणेही तसेच आहे. ट्रॅक्टरला सीट एकच असते, ती चालकाची. मडगार्डवरून घसरलेला माणूस थेट मागच्या मोठ्या चाकाखाली किंवा ट्रॉलीखाली जातो.

मालवाहू वाहनातून सहज म्हणून नेलेल्या प्रवाशाची भरपाई विमा कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत म्हटले आहे. म्हणजे मजुराच्या कुटुंबाला द्यायची भरपाई थेट ट्रॅक्टर मालकाच्या जमिनीवर आणि घरावर येऊ शकते.

लायसन्स कोणते लागते?

साडेसात हजार किलोपर्यंतच्या हलक्या वाहनाच्या लायसन्समध्ये ट्रॅक्टरही येतो. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने याबाबतचा जुना वाद मिटवला. हलक्या वाहनाचे लायसन्स असलेल्याला या वजनापर्यंतचे मालवाहू वाहन चालवण्यासाठी वेगळी नोंद लागत नाही, असा हा निकाल आहे. ट्रॉली जोडली म्हणून ट्रॅक्टरचे लायसन्स निरुपयोगी होत नाही, हे याच न्यायालयाने २००१ मध्येच सांगितले होते.

खरा प्रश्न आहे तो दहावी-बारावीतल्या मुलांचा. ‘पोरगा आमच्यापेक्षा चांगला ट्रॅक्टर चालवतो,’ हे कौतुकाने सांगितले जाते. कदाचित ते खरेही असेल. पण १८ वर्षांखालील मुलाच्या हातून गुन्हा घडला, तर कलम १९९ अ नुसार पालक किंवा वाहनमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. शेतात शिकू द्या, पण डांबरी रस्त्यावर पाठवू नका.

विमा ट्रॅक्टरचा आहे, ट्रॉलीचा आहे का?

पॉलिसी काढून एकदा वाचा. त्यात ट्रॉलीचा नंबर आणि तिचा प्रीमियम दाखवला आहे का? नसेल तर एजंटला सांगून नोंद करून घ्या. धडक ट्रॉलीने दिली आणि विमा फक्त ट्रॅक्टरचा असेल, तर दावा वर्षानुवर्षे रखडू शकतो. थर्ड पार्टी विम्याशिवाय वाहन चालवल्यास पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊ शकते.

आणखी एक गोष्ट. शेतीसाठी नोंदवलेल्या ट्रॉलीतून भाड्याने वाळू, विटा किंवा खडी वाहिली, तर वापर बदलला असे धरले जाते. मग विमा कंपनी हात वर करू शकते. भाड्याचे काम करायचे असेल, तर नोंदणी आणि विमा त्याप्रमाणेच करून घ्या.

कारमागे ट्रेलर जोडायचा असेल तर?

जनरेटर, फवारणीची टाकी किंवा फिरायला जाताना राहण्याचा कॅराव्हॅन ट्रेलर कारमागे जोडण्याचा विचार असेल, तरी सूत्र तेच आहे. ट्रेलरची नोंदणी, विमा, नंबर आणि दिवे हवेतच. आधी कारच्या माहितीपुस्तिकेत ती किती किलो ओढू शकते हे पाहा. काही कारना ओढण्याची परवानगीच कंपनीने दिलेली नसते. अशा कारला बाजारातून हुक लावून घेतल्यास वॉरंटी आणि विमा दोन्ही अडचणीत येऊ शकतात.

ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकावर यावा. ट्रेलर कारपेक्षा रुंद असेल, तर जादा आरसे लावा. ट्रेलर हेलकावे खाऊ लागला, तर स्टिअरिंग झटकू नका आणि ब्रेक दाबू नका. ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा, वेग कमी झाला की ट्रेलर सरळ होतो.

वाटेत बंद पडले तर?

ट्रॅक्टर शक्य तितका रस्त्याच्या खाली घ्या. चाकांना उटी लावा. मागे काही अंतरावर चमकणारा त्रिकोण ठेवा. आपल्याकडे त्यासाठी दगड आणि झाडाची फांदी मांडतात आणि काम झाले की तशीच सोडून निघून जातात. रात्री तोच दगड दुसऱ्या कोणाचा तरी अपघात घडवतो. त्रिकोण नसेल आणि दगड ठेवलाच, तर निघताना उचलून बाजूला टाका. बंद गाडी दोराने ओढताना दोन वाहनांतील अंतर पाच मीटरपेक्षा जास्त नको आणि मागच्या गाडीचे स्टिअरिंग जाणत्या चालकाच्या हाती हवे. कोणी जखमी असेल, तर १०८ किंवा ११२ वर फोन करा.

निघण्याआधी पाच मिनिटे

• पिन, तिचे लॉक आणि साखळी हाताने हलवून पाहा.
• ब्रेकची दोन्ही पेडल पट्टीने जोडा.
• मागचा दिवा आणि इंडिकेटर लावून, मागे जाऊन बघा.
• रिफ्लेक्टर आणि नंबर फडक्याने पुसा.
• ट्रॉलीच्या टायरची हवा आणि चाकांचे नट तपासा.
• माल दोन्ही बाजूंना सारखा आणि फळीच्या आत आहे ना, ते पाहा.
• ट्रॅक्टर आणि ट्रॉली दोघांचे आरसी, विमा आणि तुमचे लायसन्स मोबाइलच्या डिजिलॉकर ॲपमध्ये ठेवा.
• ट्रॉलीत आणि मडगार्डवर कोणी बसलेले नाही, याची खात्री करा.

कांद्याला आज काय भाव मिळेल, हे आपल्या हातात नाही. लिलाव आटोपून रात्री घरी जाताना मागच्या गाडीवाल्याला आपली ट्रॉली दिसावी, एवढे मात्र नक्कीच आपल्या हातात आहे.